वाळीत टाकलेल्यांनी वसवलेलं राज्य

बोस्टनहून लोकल पकडली आणि साधारण तासाभरात प्रॉव्हिडन्सला उतरलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोरच विधानभवनाचा पांढरा संगमरवरी घुमट दिसतो. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यांत लहान राज्य, जेमतेम ७७ किलोमीटर लांब आणि ६० किलोमीटर रुंद. इथे यायचं ते एका हद्दपार माणसासाठी, हे मी आधीच ठरवलं होतं.

रॉजर विल्यम्स हा मॅसॅच्युसेट्समधला पाद्री. तो दोन गोष्टी उघडपणे बोलायचा. इथली जमीन मूळ रहिवाशांची आहे, ती वाटून देण्याचा इंग्लंडच्या राजाला अधिकार नाही, ही एक. आणि कुणी देवाला कसं भजावं यात सरकारने दंडुका घेऊन पडू नये, ही दुसरी. १६३५ च्या ऑक्टोबरात त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्या जानेवारीत, त्याला पकडून इंग्लंडला धाडायचं घाटत असताना, तो भर हिमवर्षावात घर सोडून निघाला. तो हिवाळा त्याने काढला तो मूळ रहिवाशांच्या आसऱ्याने.

वसंतात तो सीकॉन्क नदी ओलांडून आला, तेव्हा काठावरच्या नॅरागॅन्सेट जमातीच्या मूळ रहिवाशांनी ‘व्हॉट चीअर, नेटॉप’ अशी हाक दिली, असं इथे सांगतात. म्हणजे ‘काय रे मित्रा, काय खबर?’ यातला ‘नेटॉप’ हा त्यांच्या भाषेतला मित्रासाठीचा शब्द. ‘व्हॉट चीअर’ आजही शहराच्या मुद्रेवर आहे. कॅनोनिकस आणि त्याचा पुतण्या मियांटोनोमी या त्यांच्या प्रमुखांनी विल्यम्सला जागा दिली. ही भूमी पैशाने नव्हे, प्रेमाने मिळाली, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. त्यांची भाषा तो शिकला आणि १६४३ मध्ये तिच्यावर पुस्तक छापलं.

ज्या झऱ्याकाठी १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्सची वस्ती पडली तिथे आता छोटं राष्ट्रीय स्मारक आहे. झरा वाहत नाही, त्याच्या जागेभोवती दगडी कठडा तेवढा आहे. मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून होतो. आपल्याकडे वाळीत टाकलेल्या घराला पाणवठाही बंद व्हायचा. इथे वाळीत पडलेल्यानेच पाण्याकाठी जागा धरली आणि पुढे येईल त्याला सामावून घेतलं. बोस्टनच्या धर्मगुरूंनी बहिष्कृत केलेली अ‍ॅन हचिन्सन १६३८ मध्ये आली, पाठोपाठ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आले, ज्यू आले. १६६३ ची राजसनद विधानभवनात ठेवलेली आहे. धर्माच्या मतभेदावरून कुणालाही त्रास दिला जाणार नाही, असं इंग्लंडच्या राजा दुसऱ्या चार्ल्सच्या नावाने त्यात लिहिलं आहे. ती सनद राज्याने १८४३ पर्यंत घटना म्हणून चालवली.

राज्याचा स्वभाव मात्र हट्टी. १७८७ मध्ये देशाची राज्यघटना करायला या राज्याने माणूसच पाठवला नाही, आणि तेरा राज्यांत सगळ्यांत शेवटी, १७९० च्या मे महिन्यात, ३४ विरुद्ध ३२ मतांनी ती मान्य केली.

पण झऱ्याकाठी बसून मनात आलेला तो आदर तसाच घेऊन परतता येत नाही. १६७५ च्या डिसेंबरात, मूळ रहिवासी आणि इंग्रज वसाहती यांच्या युद्धात, शेजारच्या वसाहतींच्या सैन्याने दलदलीतल्या नॅरागॅन्सेट गढीला आग लावली, शेकडो माणसं मेली, त्यांत बायका-मुलंही होती. मार्चमध्ये नॅरागॅन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळलं. सत्तरी ओलांडलेल्या विल्यम्सचं घरही त्यात गेलं. युद्ध संपल्यावर पकडलेल्या मूळ रहिवाशांना काही वर्षांच्या बंधनाच्या चाकरीत विकणाऱ्या समितीत तो स्वतः होता. हे वाचल्यापासून माझ्या मनातली त्याची मूर्ती तशी राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी याच राज्यातल्या न्यूपोर्ट बंदराला गेलो. तिथलं टूरो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७६३ चं. इमारत रस्त्याला काटकोनात न बसता तिरकी आहे, कारण प्रार्थनेचं तोंड पूर्वेला हवं. १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने इथल्या ज्यू मंडळींना पत्र लिहिलं. हे सरकार धर्मांधतेला थारा देणार नाही आणि छळाला साथ देणार नाही, असं त्यात आहे. आत उभं राहून ते आठवताना मला भरून आलं.

तिथून थोडं चालून फेअरवेल स्ट्रीटवरच्या दफनभूमीत गेलो. याच बंदरातल्या भट्ट्यांत मळीपासून रम गाळायची, ती आफ्रिकेला न्यायची आणि बदल्यात माणसं आणायची, असा व्यापार होता. ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी अठराव्या शतकापासून १८०७ पर्यंत अशा ९०० हून अधिक फेऱ्या केल्या. दहा वर्षांपेक्षा जास्त कुणाला गुलाम ठेवू नये, असा कायदा इथे १६५२ मध्येच झाला होता. तो पाळलाच गेला नाही.

दफनभूमीचा एक कोपरा आफ्रिकन लोकांचा आहे. तिथे पॉम्पी स्टीव्हन्स या पाथरवटाने आपल्या भावासाठी, कफ गिब्ससाठी, दगड घडवला. पॉम्पी स्वतः गुलाम होता, आणि भावांची आडनावं वेगळी, कारण मालक वेगळे. हा दगड पॉम्पी स्टीव्हन्सने आपल्या भावाच्या आठवणीसाठी घडवला, असं त्यावर त्याने कोरलं. खाली भावाच्या मृत्यूची तारीख, २७ डिसेंबर १७६८, आणि वय, ४० वर्षं.