चढत जाणारी लय

"लय अशी उडी नाई मारत बाबू, चढत जाते."

स्क्रीनवर लिहिलेल्या भजनाच्या नोटेशनमधल्या ७० आणि १४० या वेगाच्या (मिनिटाला ठोके) आकड्यांकडे बघत भजनी मंडळातले खंजेरीवाले काका म्हणाले, अन् मांडीवरच ठेका चढवून दाखवला. आधी नुसती बोटं, मग पूर्ण तळवा.

म्युझस्कोर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हळूहळू वेग वाढवणारी तयार रेघ आहे. पण तळवा कधी पडतो, ते ती सांगत नाही. म्हणून वर चढणारी वेगळी रेघ केली, सुरुवातीला 'बोटं', शेवटी 'तळवा' लिहिलं आणि पॅलेटमध्ये, म्हणजे तयार खुणांच्या पेटीत, ठेवली. या रेघेनं प्लेबॅकचा वेग बदलत नाही. त्यासाठी वेगाचे आकडे लपवून घातले.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीचा हा मुलूख. ही चढण कागदावर यायलाच हवी. तुमच्या गावच्या मंडळात लय आधी कोण उचलतं, झांज की खंजेरी?