बाजव्याच्या फलाटावर: बडोद्यातल्या मालगाड्यांचे तीन दिवस

"रिकामी आहे," आतोबा म्हणाले.

गाडी अजून दिसायचीच होती. डिसेंबरातली सकाळ, सातचा सुमार, बाजवा स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला आम्ही दोघे शाली गुंडाळून उभे, आणि अहमदाबादच्या बाजूने नुसता खडखडाट ऐकू येत होता. मिनिटाभरात इंजिन दिसलं, मागे टाक्यांची लांबलचक रांग, आणि गाडी खरोखरच रिकामी होती. "भरलेली टाकी बोलत नाही रे. रिकामी असली की पिंप बडवल्यासारखी वाजते. आणि कान चुकले तर स्प्रिंग बघायची. भरलेल्या वॅगनची दबून बसलेली असते, रिकामीची मोकळी."

आतोबांनी मालगाडीचे गार्ड म्हणून नोकरी केली. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण त्यांच्या तोंडी अजून गार्डच आहे. आत्या त्यांच्या वरची. ती वॅगनला 'वाघीण' म्हणते. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत असायचा तोच शब्द, आणि दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरात तो अजून रोजच्या बोलण्यात आहे. "आज किती वाघिणी मोजल्या?" हा प्रश्न मला तीनही दिवस जेवताना आला.

मी नाशिकचा. मनमाड-इगतपुरीला मालगाड्या बघत आलोय, त्यामुळे घाटात गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं, कांद्याच्या गाड्या हे ओळखीचं. बडोद्याला मुद्दाम गेलो ते एका कारणासाठी: इथे गाडीत काय आहे यावरून शहर काय काम करतं ते समजतं. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, २०२४ मध्ये तिची क्षमता वर्षाला १ कोटी ३७ लाख टन होती. तिच्या शेजारी खताचा कारखाना, पुढे रानोली-नंदेसरीकडे रसायनांचे कारखाने. हे सगळं शहराच्या वायव्येला, मुंबई-अहमदाबाद मार्गाला लागून आहे, आणि त्याच्या मध्यात बाजवा.

म्हणून माझा पहिला सल्ला: पहिल्यांदा जात असाल तर बडोदा जंक्शनवर वेळ घालवू नका. तिथे प्रवासी गाड्यांची इतकी गर्दी असते की मालगाडी दोन एक्सप्रेसच्या आडून निघून जाते आणि फोटोत फक्त डब्यांच्या खिडक्या येतात. बाजवा तिथून मुंबईच्या उलट दिशेला पुढचंच स्टेशन आहे. सकाळच्या मेमू लोकलने दहा मिनिटांत पोचता. येण्याजाण्याचं साधं तिकीट काढा. बाजव्याला बसून राहायचं असेल तर प्लॅटफॉर्म तिकीटही काढा. ते दहा रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. मी दर दोन तासांनी नवीन काढत होतो. तिकीटबाबूला तिसऱ्या वेळेला चेहरा ओळखीचा झाला आणि त्याचा पुढे उपयोग झाला, ते सांगतो.

मालगाडीचं वेळापत्रक प्रवाशाला मिळत नाही, मोबाईलवर प्रवासी गाड्या दिसतात तशी ती दिसत नाही. पण प्रवासी गाड्यांच्या वेळांचाच उलटा उपयोग करता येतो, आणि हे मला आतोबांनी शिकवलं. राजधानी किंवा वंदे भारत यायची असेल तर तिच्या आधी पुढे चाललेल्या मालगाडीला कुठेतरी लूपमध्ये, म्हणजे मुख्य रुळाशेजारच्या जादा रुळावर, घालून बाजूला करावंच लागतं. म्हणजे मोठ्या गाडीच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं ही उभ्या मालगाडीचे फोटो काढायची वेळ. ती गाडी सुसाट गेली की लूपच्या स्टार्टर सिग्नलकडे (गाडीला निघायची परवानगी देणारा) डोळे ठेवा. पिवळा झाला की इंजिनाचा भोंगा वाजतो, आणि मग कपलिंगांचा 'खट्-खट्-खट्' असा ताण इंजिनापासून शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत, म्हणजे गार्डच्या डब्यापर्यंत, पळत जातो. तो आवाज मी मोबाईलवर वेगळा रेकॉर्ड केलाय. फोटोपेक्षा तोच मला जास्त आवडतो.

पहिल्या सकाळी साडेसहा ते अकरा या वेळात वहीत नऊ नोंदी झाल्या. टाक्यांच्या तीन, बंद डब्यांच्या दोन, कंटेनरच्या तीन आणि एक मोटारी वाहणारी. ज्यांना ही अक्षरं नवीन आहेत त्यांच्यासाठी: वॅगनच्या अंगावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. बीटीपीएन म्हणजे पेट्रोलियमची टाकी, बीसीएन म्हणजे वरून बंद डबा (खताची, धान्याची, सिमेंटची पोती यातून जातात), बॉक्सएन म्हणजे वरून उघडा उंच कठड्याचा डबा, मुख्यतः कोळशाचा. कोळसा खालून पटकन ओतणाऱ्या डब्याला रेल्वेतले लोक 'बॉबर' म्हणतात. शेवटचा एन एअर ब्रेकचा. त्याखाली अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालकीची रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे त्या वॅगनचे स्वतःचे, आणि शेवटचा तपासणीचा. एकदा हे कळलं की उभी मालगाडी नुसती बघत बसायला कंटाळा येत नाही. एका बीसीएनच्या रेकमध्ये (डब्यांच्या अख्ख्या रांगेत) ओळीने सहा डबे २०११ चे आणि मध्येच एक २००३ चा. तो का मध्ये आला, याचा विचार करत मी अर्धा तास काढला.

उजेडाबद्दल. बाजव्याला मार्ग साधारण दक्षिणेकडून वायव्येला जातो, म्हणून सकाळी पूर्वेकडच्या फलाटावर उभं राहिलात तर ऊन पाठीशी येतं आणि गाडीची बाजू उजळते. साडेनऊनंतर ऊन डोक्यावर यायला लागतं आणि टाक्यांच्या चकाकीने फोटो जळतो. तेव्हा कॅमेरा ठेवून अडधी घ्यावी. (इथे कटिंगला अडधी म्हणतात. 'कटिंग' म्हटलं तरी समजतं, पण चहावाला हसतो.) चालत्या गाडीला शटर सेकंदाच्या एक हजारांशापेक्षा संथ नको. पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर साठांशापासून सुरुवात करा आणि पहिल्या दहा गाड्या वाया जातील असं धरून चाला. फ्लॅश अजिबात नाही. लोको पायलटच्या डोळ्यांवर उजेड मारणं धोक्याचं आहे, याला अपवाद नाही.

आता तिकीटबाबूची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी एकटा होतो. गणवेशातले एक गृहस्थ आले, काय चाललंय विचारलं. मी तिकीट दाखवलं, ओळखपत्र दाखवलं, कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. तेवढ्यात तिकीटबाबू खिडकीतून म्हणाले, "साहेब, हा गार्डसाहेबांचा भाचा, कालपासून नंबर उतरवतोय." गृहस्थ शांतपणे म्हणाले, फलाटावरून गाड्यांचे काढा, पण तिकडे कारखान्याच्या साइडिंगकडे (आत जाणाऱ्या फाट्याकडे) कॅमेरा वळवू नका. मला ते पटलं. रिफायनरीचं फाटक, टाक्या भरायची जागा, सिग्नलची केबिन, हे काढू नयेच. ड्रोन तर बॅगेतही नको. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी लागते. ट्रायपॉड मांडून चार जण उभे राहिलात तर विचारणा होणारच, आणि ती योग्यच आहे.

रुळांवर उतरू नका, एवढं मी हात जोडून सांगतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, पण मला काळजी कायद्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीची आहे. रिकामी गाडी वाजते, भरलेली शांत येते. आतोबांनी नोकरीत जे पाहिलं ते ते सांगत नाहीत, फक्त एवढंच म्हणतात की पाठीमागून येणारी गाडी माणसाला ऐकू येत नाही. वरची तार २५,००० व्होल्टची आहे. पादचारी पुलावर सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड उंच धरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतेभावाच्या स्कूटरवर मकरपुरा-वरणामा बाजूला गेलो. शहराच्या दक्षिणेची ही बाजू. इथे बघायचा तो पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, फक्त मालगाड्यांसाठीचा. १२ मार्च २०२४ ला न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा २४४ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मार्ग ओळखायला पाटी लागत नाही, वरची तार बघा. नेहमीच्या मार्गावर ती साधारण साडेपाच मीटरवर असते, इथे साडेसातच्या आसपास, कारण कंटेनरवर कंटेनर ठेवलेली गाडी ७.१ मीटर उंच होते. मला त्या दिवशी एकमजलीच कंटेनर दिसले. पण इंजिन होतं डब्ल्यूएजी-१२. बिहारमधल्या मधेपुऱ्याला बांधलेलं, १२,००० अश्वशक्तीचं. दोन इंजिनं जोडलीत असं वाटतं, खरं तर एकाच इंजिनाची दोन अंगं. मी लेन्स बदलत होतो आणि पुढचं अंग माझ्यासमोरून निघून गेलं. फोटोत मागचा अर्धा भाग आहे. वाईट वाटलं. उघड्यावर लेन्स बदलू नका, धूळही फार आहे. रस्त्याच्या पुलावर गाडी मध्येच थांबवू नका. अलीकडे लावून फुटपाथवरून चालत जा.

ज्यांच्याकडे जास्त वेळ आहे त्यांनी छायापुरी स्टेशनही बघावं. अहमदाबादचा मार्ग आणि गोध्रा-रतलामचा मार्ग दोन्ही बडोद्याहून उत्तरेलाच निघतात, त्यामुळे अहमदाबादहून रतलामला जाणाऱ्या गाडीला बडोद्यात इंजिन उलट बाजूला लावावं लागायचं. छायापुरीच्या बायपासने ते वाचलं. मी तिथे तासभरच होतो, काही खास मिळालं नाही. विश्वामित्री स्टेशनही प्रवाशांसाठी ठीक. पण नदीच्या पुलाचा फोटो काढायला काठावर उतरायचा मोह होतो, तो टाळा. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या मध्यात, आणि हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येतात.

तिसऱ्या सकाळी आतोबा परत बरोबर आले. आठच्या सुमाराला भरलेली टाक्यांची गाडी अहमदाबादकडे निघाली. आवाज नाही, स्प्रिंगा दबलेल्या, नुसती जमीन हलल्यासारखी वाटते. शेवटी ब्रेकव्हॅन आली तेव्हा आतोबांचा हात सवयीने वर गेला, सगळं ठीक आहे असं गार्डला दाखवायची ती खूण. ब्रेकव्हॅनच्या दारातल्या तरुण मुलाने क्षणभर बघितलं आणि हिरवी झेंडी बाहेर काढून तशीच हलवली. आतोबा गाडी नजरेआड होईपर्यंत बोलले नाहीत. तो फोटो माझ्याकडे आहे. फोकस झेंडीवर नाही, आतोबांच्या हातावर आहे, आणि मला तो तसाच हवा आहे.

बाकी व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. एप्रिल-मेमध्ये फलाटाच्या पत्र्याखालीही उभं राहवत नाही. जानेवारीत उत्तरायणाच्या आसपास, म्हणजे १४-१५ तारखेला, दुचाकीवर फिरू नका. मांजा गळ्यावर येतो, आणि इथले लोक त्यासाठी हँडलवर तारेची कमान लावतात. मुंबईहून बडोदा ३९२ किलोमीटर, भरपूर गाड्या आहेत. स्टेशनजवळ राहिलात तर पहाटेची मेमू सोपी पडते. पाणी घरूनच न्या, बाजव्याला सकाळी चहा आणि थोडं फरसाण एवढंच मिळालं. परत आल्यावर शहरात सेव उसळ खावी, तिखट सोसत असेल तर वरची लाल तर्री मागून घ्यावी.

एक दुपार प्रतापनगरला ठेवा. तिथे नॅरोगेजची जुनी इंजिनं जपून ठेवली आहेत. गायकवाडांच्या राज्यात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा ती बैल ओढत. इंजिनं नंतर आली. आतोबा तिथल्या एका छोट्या इंजिनाच्या बफरवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बैलांना सिग्नल कोण दाखवत असेल?" तिथला माणूसही विचारात पडला. जाण्याआधी उघडण्याची वेळ विचारून घ्या. आम्ही गेलो तेव्हा फाटक बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती.