शून्य यायलाच हवं होतं

मोठ्या आकडेमोडीसाठी घेतलेली मशिन्स तपासून देणं हे माझं काम. एका सर्व्हरबद्दल तक्रार आली: तोच हिशोब दोनदा केला की उत्तरं वेगळी येतात. मेमरी टेस्ट मात्र स्वच्छ होती. मग मी २ चा १२,५७,७८७ वा घात वजा १ ही संख्या काढली. ३,७८,६३२ अंकी ही मूळ संख्या १९९६ मध्ये स्लोविन्स्की आणि गेज यांना क्रे महासंगणकावर सापडली होती.

अशी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी ल्युका-लेमर चाचणी मला फार आवडते. ४ पासून सुरुवात, वर्ग करायचा, २ वजा करायचे, त्या संख्येने भागून बाकी ठेवायची. असं १२,५७,७८५ वेळा. शेवटी बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे नुसते एक, त्यामुळे भागाकार लागतच नाही. वरचे बिट खाली आणून मिळवले की झालं. पण वाटेत एक बिट जरी बिघडला तरी तो पुढच्या प्रत्येक वर्गात पसरतो.

शून्य आलं नाही. पुन्हा चालवलं, तर भलतीच बाकी. प्रोग्रामचा दोष असता तर चूक बहुधा दोन्ही वेळा सारखीच आली असती.

आता चूक नेमकी कुठे शिरली? चाचणीत अधूनमधून बाकी डिस्कवर साठवत होतो, आणि तिथे या संख्येचा एक सुंदर गुण कामी आला. पहिल्या पायरीनंतर प्रत्येक बाकीतून २ वजा करून त्या मोठ्या संख्येच्या संदर्भात जॅकोबी चिन्ह (दोन संख्यांवरून निघणारं +१, −१ किंवा ० असं मूल्य) काढलं, तर ते −१ च यायला हवं. कारण साधं आहे: नव्या बाकीतून २ वजा केले की उरतं ते म्हणजे आधीच्या बाकीतून २ वजा केलेली रक्कम गुणिले एक पूर्ण वर्ग, आणि पूर्ण वर्गाने चिन्ह बदलत नाही. म्हणून चूक शिरून चिन्ह एकदा +१ झालं की तेही तसंच टिकतं! मात्र −१ आलं म्हणून हिशोब बरोबर असं नाही. साधारण निम्म्या चुका यातून निसटतात. माझ्या पहिल्या खेपेची चूक अशीच निसटली होती.

दुसऱ्या खेपेत सापडली. साठवलेल्या फायली मधोमध निम्म्या करत गेलो आणि −१ चं +१ कुठल्या दोन फायलींच्या मध्ये झालं ते हाती आलं. त्या वेळची नोंद काढली: सगळे कोअर एकदम पूर्ण जोरात धावायला लागले तेव्हाच प्रोसेसरचं व्होल्टेज खाली गेलं होतं. वीज वाचवण्यासाठी मशीनच्या सेटिंगमध्ये ते मुळातच कमी ठेवलेलं होतं. हलक्या मेमरी टेस्टमध्ये हे दिसणार कसं?

व्होल्टेज मूळ पातळीवर नेलं, चाचणी सुरुवातीपासून लावली. बाकी शून्य. आणखी एकदा लावली, तेव्हाही शून्य, आणि मधल्या प्रत्येक फायलीचं चिन्ह −१. संध्याकाळी सर्व्हर परत दिला.