गवताखालचा वाडा

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोतले पहिले तीन दिवस नदीकाठच्या हॉटेलांत आणि अलामो या जुन्या स्पॅनिश मिशनसमोरच्या गर्दीत गेले. चौथ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, मला रांचो दे लास काब्रासला, त्या जुन्या गुरांच्या ठाण्याला ने. "आई, तिथे बघायला काही नाही गं," ती म्हणाली. तरी गेलो.

शहराच्या दक्षिणेला, फ्लोरेसव्हिलजवळ. मनाला येईल तेव्हा जाता येत नाही, ठरलेल्या दिवशी पार्कचा रेंजर सोबत घेऊन जातो. आम्ही धरून सात माणसं. अलामोला पाय ठेवायला जागा नव्हती आणि २०१५ साली त्याच्यासोबतच जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या जागेवर सात माणसं! मला मनापासून वाईट वाटलं.

वर खरंच काही दिसत नाही. निवडुंग, मेस्कीटची झाडं (आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातली), खाली नदी आणि गुडघाभर गवत. दगडी भिंतींचे अवशेष उत्खननानंतर पुन्हा मातीखाली झाकलेत, पावसापाण्याने ढासळू नयेत म्हणून. आपण चालतो ती जमीन म्हणजे एका वाड्याचं अंगण असतं. तट, छोटं चॅपेल, गुराख्यांची घरं, सगळं पायाखाली.

हे गुरांचं ठाणं एस्पादा मिशनचं. मिशन म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठी स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेली वस्ती. ते मिशन १७३१ साली सॅन अँटोनियो नदीकाठी आलं. पाटाच्या पाण्यावर शेती सुरू झाली आणि गुरं पिकांत शिरू लागली. गावकरी आणि पाद्री यांच्यात तक्रारी सुरू झाल्या. आमच्याकडे अशी गुरं कोंडवाड्यात जायची. तिथे गुरांनाच शेतापासून कोसभर नव्हे, चांगलं दिवसभराच्या वाटेवर नेऊन ठेवलं. अपाची आणि कोमांचे या मूळ रहिवासी टोळ्यांचे हल्ले व्हायचे, म्हणून भोवती तट.

गुरं राखायची कोणी? मिशनमध्ये आणलेल्या कोआविल्तेकान या मूळ रहिवासी लोकांनी. स्पॅनिश कायद्याने अशा मूळ रहिवाशांना घोड्यावर बसायची मनाई होती. पण पायी चालत रानटी गुरं वळवता येत नाहीत, म्हणून पाद्र्यांनीच त्यांना खोगिरावर बसवलं. शिकार करून, कंदमुळं खणून जगणाऱ्यांची पोरं काही वर्षांत फासा टाकू लागली. हे वाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी. लास्सो, कोराल, रोडिओ, अगदी रांच हा शब्दसुद्धा त्यांच्या स्पॅनिशमधून आला. काउबॉयची टोपी आणि बूट विकणाऱ्या दुकानांत मी तीन दिवस फिरले, या लोकांचं नाव कुठे वाचलं नाही. मला ते फार लागलं. आजही लागतंय.

मग रेंजरने जे सांगितलं, त्यासाठी मी हे लिहायला बसले. जानेवारी १७७८ मध्ये तेओदोरो दे क्रुआ हा स्पॅनिश सेनापती सॅन अँटोनियोत आला आणि त्याने फर्मान काढलं: ज्या जनावरावर मालकीचा डाग नाही, ते राजाचं. पकडायचं तर राजाला कर द्या. पाद्री म्हणाले, अपाचींच्या भीतीने रानात जाऊन गुरं गोळा करता येत नाहीत, मग डाग द्यायचा कसा? ऐकलं गेलं नाही. हजारो गुरं एका कागदाने मिशनची राहिली नाहीत. ज्यांनी ती वाढवली त्या वाकेरोंना तर कोणी विचारलंही नाही. त्याच सुमारास टेक्ससचे कळप लुइझियानाला हाकले जात होते, इंग्रजांशी लढणाऱ्या तिथल्या स्पॅनिश गव्हर्नर बेर्नार्दो दे गाल्वेसच्या सैन्यासाठी. १७९४ पासून एस्पादाचं मिशनपणही संपत गेलं.

माझं माहेर सांगलीकडचं. आजोबा सांगायचे, देवाच्या नावाने पोळ सोडताना त्याला त्रिशूळाचा डाग देत. डाग दिला की तो कुणा एकाचा राहत नसे. त्याने कुणाच्या शेतात तोंड घातलं तरी काठी उगारायची नाही. त्या गवतात उभी राहून मी हेच आठवत होते. इथे डाग नसलेलं जनावर राजाचं आणि आमच्याकडे डाग दिलेलं देवाचं.

परतताना रस्त्याकडेच्या कुंपणाआड वशिंड असलेली गुरं दिसली. मी ओरडलेच, "थांबव!" लेकीने सांगितलं, ही ब्राह्मन. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची गुरं यांच्यापासून अमेरिकेत तयार झालेली जात. कृष्णा व्हॅली हे नाव मी माहेरी ऐकलेलं, इथे ते कुंपणापलीकडे उभं होतं.

एक गाय जवळ आली. गळ्याखालची पोळी लोंबती, डोळे शांत. मी आपल्या सवयीने "ये गं, ये" म्हटलं. ती तारेपाशी थांबली, आणि वळली तेव्हा तिच्या पुठ्ठ्यावरचा डाग दिसला.