लीडच्या रकान्यातलं नाव

मंगळवार, रात्र

आज तसं काही घडलं नाही. डेटाबेसमधली माहिती शोधायला एक क्वेरी चालवली, एवढंच. तरी जेवताना घास तोंडातच फिरत होता.

जिरा, म्हणजे ऑफिसातली कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, आमच्या सर्व्हरवरून क्लाउडवर न्यायचंय. सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ लाच संपला, आम्ही अजून तिथेच. क्लाउडवर गेलो की डेटाबेसला हात लावता येणार नाही. म्हणून कुठल्या प्रोजेक्टला कुठली परमिशन स्कीम (कुणाला काय करता येतं), कुठली वर्कफ्लो स्कीम (काम कुठल्या टप्प्यांतून जातं), लीड म्हणजे प्रमुख कोण, याची यादी आत्ताच काढायची होती. स्कीमची नाती प्रोजेक्टच्या टेबलात नसतात, नोडअसोसिएशन नावाच्या वेगळ्या टेबलात असतात. एका टोकाला प्रोजेक्टचा आयडी, दुसऱ्या टोकाला स्कीमचा. इश्यू म्हणजे नोंदवलेलं काम; त्याच्या प्रकारांची इश्यू टाइप स्कीम तिथेही सापडत नाही, ती कॉन्फिगरेशनकॉन्टेक्स्टमध्ये जाऊन बसलेली असते. हे सगळं सरांनी कागदावर बाण काढून शिकवलं होतं. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

लीड मात्र प्रोजेक्टच्याच टेबलात असतो. आमच्या प्रोजेक्टच्या ओळीत अजून सरच आहेत.

सरांना जाऊन चार वर्षं झाली. नवीन इश्यू आपोआप लीडच्या नावावर जाऊ नये अशी सेटिंग आहे, असाइनीटाइप ३, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी स्वतःला लीड समजत होते. मीटिंगांमधून तसं सांगतही होते.

मग राहवेना. कुठल्या प्रोजेक्टमध्ये कोण कुठल्या भूमिकेत आहे त्या रोल्सच्या टेबलात, प्रोजेक्टरोलॲक्टरमध्ये, स्वतःचं यूजरनेम टाकून शोधलं. शून्य ओळी. स्पेलिंग तपासून पुन्हा चालवलं. शून्य. एवढ्या रात्री जागले, एवढे सण त्या स्क्रीनसमोर गेले, आणि माझं नाव कुठेच नाही. लीडमध्ये नाही, रोलमध्ये नाही. डोळे भरून आले. धाकटी विचारत होती काय झालं, तिला काय सांगणार?

भांडी घासताना सुचलं, नावच नाही तर सेटिंगची पानं मला उघडतात कशी? ओले हात पुसून परत बसले. रोलमध्ये यूजरनेम नसतंच, यूजर की, म्हणजे खात्याची कायमची ओळख, असते. यूजरनेम बदललं तरी की पहिलीच राहते. दोन्हींची गाठ ॲपयूजरच्या टेबलात. आणि मी तर लग्नानंतर यूजरनेम बदलून घेतलं होतं.

ॲपयूजर जोडून चालवलं. २८ प्रोजेक्ट, २८ ओळी. प्रत्येक ओळीत मी, माहेरच्या आडनावाने.

ते आडनाव शेवटचं कुठे लिहिलं होतं? बहुतेक बाबांच्या त्या फॉर्मवर. असो.

बराच वेळ त्या ओळी वरखाली करत राहिले. लीडमध्ये नाही मी. नाही तर नाही. कामाच्या प्रत्येक दारावर आहे, आणि ते नाव बाबांनी दिलेलं आहे.

लीड थेट डेटाबेसमध्ये बदलायचा नसतो, जिरा जुनंच मेमरीत धरून बसतो. स्क्रीनवरून करायचं, मिनिटभराचं काम. सरांचं खातं कधीच बंद झालंय, तेव्हा बदलावं लागेलच. आज यादीत मात्र त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, तसंच पाठवलं.

शुक्रवारी बदलेन.