लवकीची 'वांझ' फुलं

आर्वी तालुक्यात कृषी सहायक होतो तेव्हाची गोष्ट. एका काकांचा फोन आला, "सायेब, लवकीच्या कया पिवया पडून गयून रायल्या. अवषध सांगा." लवकी म्हणजे दुधी भोपळा. मी फोनवरच बोरॉन फवारायला सांगून मोकळा झालो. आता लाज वाटते.

आठवड्याने पुन्हा फोन, आवाज चढलेला. गेलो. मांडव हिरवागार, पण सकाळचे अकरा वाजलेले, उमललेलं फूल एक नाही. बांधावर मात्र सुकल्या फुलांचा ढीग.

"हे काय?"

"वांझ फुलं. फय तं धरत नाई, उगाच वेलाचा जोर खातेत. बायांकून रोज खुडून घेतो."

घ्या! लांब देठाचं, खाली काही नसलेलं ते नर फूल. ज्याच्या बुडाशी इवलीशी लवदार लवकी असते ते मादी. काका कोंबडा कापून पिल्लांची वाट पाहत होते.

कोहळ्याची पिवळी फुलं पहाटे उमलतात, मधमाश्या येतात. लवकीचं पांढरं फूल उमलतं दिवस कलल्यावर, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. म्हणून थांबलो. काकूंनी भाकर-ठेचा वाढला, काका घुश्शातच.

अंधारू लागलं तसा मांडव पांढरा झाला. बायांच्या नजरेतून सुटलेली नर फुलं मांडवाच्या माथ्यावर सापडली. एकाच्या पाकळ्या सोलल्या आणि मधला पिवळा दांडा मादीच्या फुलात हलकेच फिरवला.

"बस, इतकंच?" काकू म्हणाल्या.

पुढचं काम परागाचं. कण तिथे चिकटला की त्याला बारीक नळी फुटते, ती आत बीजांडापर्यंत उतरते. एका बीला एक कण लागतो, म्हणून पराग भरपूर हवा. बी धरलं की फळ वाढतं, नाही तर वेल ते टाकून देतो.

बारा फुलांना लाल दोरा बांधला. पाच दिवसांनी नऊ फळं फुगून खाली वळली होती, तीन पिवळी. नवातलं एक मात्र वाकडं, मधेच बारीक. तिथे पराग कमी पडला असणार, म्हणालो.

काकांना पटलं नाही. त्यांनी ते वेलावरच वाळू दिलं, दिवाळीनंतर मला बोलावून समोर फोडलं. फुगीर भागात टपोऱ्या बिया, बारीक भागात नुसती पोचट टरफलं. काकांनी टपोऱ्या बिया वेगळ्या काढून फडक्यात बांधल्या.