मी गोष्ट सरळ केली आणि टीचरनं ती परत मोडली

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, शाळेचे पेपर, जे येईल ते. मागच्या मे महिन्यातली गोष्ट, कूलर हवा कमी आणि आवाज जास्त देऊन राहिला होता, तेव्हा एक रिटायर्ड टीचर हाताने लिहिलेली वही घेऊन आल्या. चर्चमधल्या बायकांच्या बायबल अभ्यासासाठी ३२ पानांची पुस्तिका, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म, सेंटर पिन, सोपं काम. मी ख्रिश्चन नाही, बायबल कधी उघडलं नव्हतं, पण मला एक जुनी खोड आहे, टाइप करता करता मी मजकूर सुधारते. लोकांना आवडतं ते. बहुतेकांना.

त्यात, बायबलमधे येशूची कहाणी लिहिणारा जो मार्क, त्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली एक गोष्ट होती. याईर नावाचा यहुद्यांच्या सभास्थानाचा, म्हणजे प्रार्थनाघराचा, अधिकारी येशूच्या पाया पडतो, माझी लहानगी मरायला टेकली, चला, तिच्यावर हात ठेवा. येशू निघतो. आणि मधेच गर्दीतून एक बाई येते, बारा वर्षांपासून रक्त जाणारी, मागून त्याच्या कपड्याला शिवते, बरी होते, मग तो थांबून विचारतो कोण शिवलं, शिष्य म्हणतात इतके लोक अंगावर लोटून राहिले आणि तुम्ही हे काय विचारता, मग ती थरथरत येऊन सगळं सांगते. आणि हे झाल्यावर परत याईर! मला वाटलं वहीची पानं वर-खाली झाली. मी आपलं कट-पेस्ट केलं, मुलीची गोष्ट सलग एका हेडिंगखाली, बाईची वेगळ्या हेडिंगखाली, मधे फुलाची बॉर्डर. इतकं सुंदर दिसत होतं पान!

टीचर प्रूफ बघायला आल्या तेव्हा दुकानात एक भाऊ पत्रिकेसाठी उभेच होते, लग्न आठ दिवसांवर आणि पत्रिकेत मामाचं नाव चुकलेलं. टीचर म्हणाल्या, "पाचच मिनिटं, बेटा." पाच मिनिटं कसली.

त्यांनी लाल पेन काढला आणि विचारलं, "इथलं 'तो हे बोलत आहे इतक्यात' कुठं गेलं?"

मी म्हटलं टीचर, ते काढलं मी, तो कोणाशीच बोलत नव्हता ना तिथं.

"बोलत होता. त्या बाईशी. तिला 'मुली' म्हणून राहिला होता, आणि तेच शब्द तोंडात असताना याईरच्या घरून माणसं आली, तुझी मुलगी मेली म्हणून."

मी गप्प. कारण मी तर तो बाप त्या रस्त्यावरून काढूनच टाकला होता. तो तिथंच उभा आहे, एकेक मिनिट मोजत, आणि येशू गर्दीत एका अनोळखी बाईची पूर्ण कहाणी ऐकून घेतो. ती बाई बारा वर्षं आजारी आणि मुलगी बारा वर्षांची, म्हणजे ही जन्मली तेव्हापासून ती झिजतेय. माझ्या लेआउटमधे एक बारा आठव्या पानावर आणि दुसरा दहाव्यावर, कोणाला दिसणार?

टीचर म्हणाल्या मार्क असं खूपदा करतो, एक गोष्ट फोडून तिच्या पोटात दुसरी ठेवतो, अभ्यासक त्याला सँडविच म्हणतात. मी म्हटलं आमची कोथिंबीर भरलेली सांबारवडी म्हणा ना, सारण काढलं तर वडी उरतच नाही. हसल्या. मग म्हणाल्या, अकराव्या अध्यायात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो, मग मंदिरातली उलथापालथ, मग परत तेच झाड, वाळलेलं. येशूची कहाणी लिहिणाऱ्या दुसऱ्या एकानं, मत्तयनं, मात्र झाडाची गोष्ट जोडून सलग सांगितली. "म्हणजे तुझ्यासारखं कोणीतरी आधीच होतं." आणि ही हेडिंगं, वचनांचे आकडे, हे मुळात काहीच नव्हतं म्हणे, नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागातले, आजचे आकडे १५५१ मधे रॉबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच छपाईवाल्याने घातले. छपाईवाल्याने! म्हणजे ही खोड आमच्या धंद्यातच आहे.

दुसरा लाल गोल त्या बाईच्या वाक्यावर होता. मी ते लांब वाक्य तोडून पाच केले होते. टीचरनं सांगितलं मूळ ग्रीकमधे तिथं एकामागे एक सात अपुरी क्रियापदं येतात, आणि सगळ्यांच्या शेवटी एकच पूर्ण, शिवली. मग त्यांनी माझ्याच प्रूफवर मराठीत लिहून दाखवलं, बारा वर्षं रक्त जात असलेली, कितीतरी वैद्यांच्या हातून हाल सोसून, होतं नव्हतं ते खर्चून, गुण न येता उलट बिघडत जाऊन, येशूबद्दल ऐकून, गर्दीत मागून येऊन, शिवली. दम लागतो वाचताना. लागलाच पाहिजे.

आणि 'शिवली' बद्दल मला कोणी समजवायची गरज नव्हती. माझ्या आजीच्या घरी चार दिवस कोपऱ्यातली सतरंजी वेगळी, कावळा शिवला म्हणायचे, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. बायबलच्या जुन्या भागातल्या लेवीय नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तसलेच नियम आहेत म्हणे, अशा बाईच्या बिछान्याला शिवलं तरी संध्याकाळपर्यंत विटाळ. मार्क इथं विटाळाचा शब्दसुद्धा काढत नाही, पण आजीकडं राहिलेल्या पोरीला ती बाई मागून का आली ते कळतं. पुढे येशू मेलेल्या मुलीचा हात धरतो, तोही विटाळच. एक त्याला शिवते, दुसरीला तो शिवतो. मी मधे फुलाची बॉर्डर टाकली होती.

पुस्तिका नशिबाने अजून छपाईच्या प्लेटला गेली नव्हती. कंट्रोल-झेडने इतकं मागे जाता येत नाही म्हणून सगळं परत लावलं, टीचर शेजारी बसून वही वाचत गेल्या. हेडिंग एकच ठेवलं. बॉर्डर गेली.

हे होईपर्यंत तास झाला असेल. मला एकदम आठवलं आणि मी वळून म्हटलं, भाऊ सॉरी, आणा तुमची पत्रिका. ते स्टुलावर बसलेले, घामाने निथळलेले, पत्रिका दुमडून हातात. म्हणाले, "राहू द्या मामाचं. ती पोरगी वाचली का?"

टीचरनी चष्मा काढला. "तलीथा कूम म्हणाला, मुली ऊठ. उठली, चालायला लागली."

"मग?"

"मग म्हणाला, हिला काही खायला द्या."